अखजीचा न भरणारा करा

नवं मडकं घ्यायचं तर ते आधी कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवून बघावं लागतं. पक्कं भाजलेलं असेल तर खणकन बोलतं. कुठं बारीक तडा असेल तर खोकल्यासारखा आवाज काढतं. वैशाखाच्या तोंडाशी आमच्या वरवट बकालच्या बाजारात गाड्यांवर मडकी येतात, चारी बाजूंनी हे वाजवणं सुरू होतं, आणि मला दर वर्षी न चुकता तहान लागते. पाणी पिऊन भागत नाही अशी तहान. डॉक्टर म्हणाले, साखर तपासा. तपासली. साखर बिचारी जागेवर आहे. ही तहान माझी नाहीच, असं माझं मत आहे. पण असली मतं डॉक्टरांना सांगायची नसतात.

यंदा मडकी आणायला सोबत मुक्ता होती, माझी नात. ती पुण्याला जुन्या कलेचा अभ्यास करते. म्हणजे आपण ज्या खापऱ्या उकिरड्यावर फेकतो, त्यांच्यावर ती न थांबता बोलू शकते. सध्या ग्रीक लोकांच्या रंगवलेल्या मडक्यांचं वेड आहे. बाजारातून घरी येऊन आम्ही करे आणि केळ्या ओळीनं मांडल्या. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाणी भरतात. गेलेल्या बाईसाठी केळी भरायची, ती जरा मोठी मडकी. गेलेल्या पुरुषासाठी करा, तो लहान. पाण्यात वाळा टाकायचा, बाहेरून चुन्याचे ठिपके द्यायचे, पुढं पोळी, आमरस आणि चिंचवणी ठेवायची. वर्षभर तहानेली माणसं त्या दिवशी येऊन पिऊन जातात.

मुक्तानं लॅपटॉप उघडला आणि माझ्या चष्म्याशी धरला. "आजी, तुझ्या केळीची बहीण बघ."

बघितली. पांढरी, उंच मानेची, बारीक कमरेची सुरई. तेल भरून थडग्यावर ठेवायची. मुक्ता म्हणाली, यातल्या काही सुरयांच्या आत एक छोटीशी कुपीच बसवलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं भरपूर तेल आहे, आत मात्र चमचाभर. मला ते लोक एकदम आपल्यातलेच वाटले.

सुरईवर चित्र होतं. मधोमध एक उभा दगड, त्याला फिती बांधलेल्या. डावीकडे टोपली घेऊन आलेली बाई. टोपलीत फिती आणि अशाच छोट्या सुरया. उजवीकडे एक तरणा माणूस, हातात काठी, पाठीवर प्रवासाची टोपी लोंबणारी. अंगावरच्या कपड्यांचे रंग केव्हाच उडालेले, नुसत्या रेघा उरलेल्या.

"हा कोण? हिचा भाऊ?"

"हाच मेलेला आहे, आजी. थडगं त्याचंच. ती त्याच्यासाठी आली आहे, आणि तो तिथंच उभा आहे. पण बघ, ती त्याच्याकडे बघत नाही. पुष्कळ चित्रांत असंच असतं. तिला तो दिसत नाही."

"दिसत नाही, का बघायचं नसतं?"

मुक्ता हसली. तिला वाटलं, आजी नेहमीसारखी चावटपणा करते आहे. मी चावटपणा करतेच; पण त्या वेळी माझ्या हातातला करा नकळत मांडीवर आला होता आणि मी त्याचं तोंड तळव्यानं झाकून धरलं होतं.

*

त्या वर्षी मी नवी नवरी होते. नवी, मॅट्रिक पास, आणि चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत वरची श्रेणी मिळवलेली. म्हणजे एकूण असह्य. माहेर जानेफळचं, घाटावरचं. घाटावरच्या पोरीला घाटाखाली दिली की पहिला उन्हाळा तिला भाजून काढतो. त्यात इथलं पाणी खारं. चहा केला तर तो खारट, केस धुतले तर त्यांची सुंभं. मी तोंड वाकडं केलं की सासूबाई म्हणायच्या, "घाटावरची हाय ना, तिले आमचं पाणी नाही पटत. तिच्यासाठी नदी बलावा." सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू.

घरात मोठ्या जाऊबाई होत्या, गोदाबाई. बोलायला कमी, कामाला वाघ. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पण त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले भासरे, घरात नव्हते. कापसाची गाडी घेऊन खामगावला गेले होते, माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी. काही दिवसांनी बैल एकटेच रिकामी गाडी ओढत दारात येऊन उभे राहिले. माणूस आलाच नाही. विहिरी बघितल्या, नाले बघितले, शेगावच्या गर्दीत शोधलं. एवढंच मला ठाऊक. नव्या सुनेसमोर त्यांचा विषय काढायचा नाही अशी घरात सक्त ताकीद होती. त्यांचा फोटो नव्हता. असला तरी मला दाखवला नव्हता.

तर अखजी जवळ आली, आणि कऱ्यांना चुन्याचे ठिपके द्यायचं काम माझ्याकडे आलं. आता मला ठिपके द्यायला सांगणं म्हणजे काय! मी घरभर सांगत सुटले की मी असे करे रंगवीन की पितर पाणी प्यायचं विसरून बघतच राहतील. कुंभारीण काशीबाई करे द्यायला आली होती. ती म्हणाली, "फुलं काढ, वेली काढ. माणूस नोको काढू बाई, करा हाय हा." मी तिला ऐकवलं की चित्रकलेत मानवाकृती हीच खरी कसोटी असते. मानवाकृती! काशीबाईनं माझ्याकडे जे बघितलं ते आठवून मला अजून हसू येतं.

घाटाखालच्या दुपारी मी त्यापूर्वी पाहिल्या नव्हत्या. जेवणं झाली की अख्खं घर आडवं व्हायचं. कुत्रं गाडीच्या खाली जाऊन मेल्यासारखं पडायचं. पक्षी गप्प. वाराही थांबायचा, आणि मग कुठून तरी नुसती झळ यायची, कोणी उघड्या चुलीचं तोंड आपल्याकडे फिरवावं तशी. त्या शांततेत कोपऱ्यातल्या माठाचं पाझरणं ऐकू यायचं. मला झोप येत नसे. मी समोरच्या खिडकीत चुना, गेरू आणि चावून मऊ केलेली बाभळीची काडी घेऊन बसायची.

रस्त्यापलीकडे निंब होता. त्याखाली रोज दुपारी एक माणूस उभा असायचा.

मला त्यात काही वाटलं नाही. एस.टी.ची वाट बघत असेल. डोक्याला दुपट्टा, एक खांदा जरा खाली आलेला, एक वहाण पायात आणि दुसरी हातात. तुटली असेल, म्हटलं. इतका स्थिर उभा राहायचा की चित्र काढायला त्याच्याइतका चांगला माणूस मिळाला नसता. आमच्या शाळेत चित्रासाठी बसवलेला गडी सारखा नाक खाजवायचा. हा नाही. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी द्यायची. डोक्यावर पदर नाही, गुडघे वर घेतलेले, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, अशी मी टक लावून त्याला बघत कऱ्यावर उतरवत होते. तो माझ्याकडे कधी बघायचा नाही. घराकडे बघायचा. एस.टी. यायची, धूळ उडायची, धूळ खाली बसेपर्यंत तो गेलेला असायचा.

सगळे करे रंगवून झाल्यावर मी ते ओट्यावर मांडले आणि कौतुक गोळा करायला उभी राहिले.

आत्याबाई आल्या. "फुलं बरी काढली वं," म्हणाल्या. मग माणूस काढलेल्या कऱ्यापाशी थांबल्या. बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"हा कोण हाय?"

"कोणी नाही. तो नाही का दुपारी निंबाखाली उभा राहत, तो."

"हातात काय हाय त्याच्या?"

"वहाण. एक पायात, एक हातात."

आत्याबाई मटकन खाली बसल्या, चुन्याच्या वाटीतच. त्यांच्या थोरल्या, हरवलेल्या लेकाच्या टाचेला कुरूप होतं. त्या पायात त्यांना वहाण सोसत नसे. लहानपणापासून ते असेच चालायचे, एक वहाण पायात आणि एक हातात. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आतून जाऊबाई आल्या. हाताला पीठ. त्यांनी करा पाहिला. रडल्या नाहीत. हात पदराला पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि करा हळूच फिरवून त्या माणसाचं तोंड घराच्या दाराकडे केलं.

आत्याबाईंनी पुष्कळ रडून घेतलं आणि मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. पहिलं वाक्य काय निघावं? "काऊन वं, पदर न घेता भासऱ्याकडं पाहत बसे तू?"

आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यासमोर तोंड उघडं टाकत नाही. समोरून आले तर पदर कपाळापर्यंत ओढून बाजूला व्हायचं. आणि मी रोज दुपारी गुडघे वर घेऊन त्यांना न्याहाळत होते! खरं सांगते, त्या क्षणी मला भुताची भीती वाटली नाही. माहेरी काय सांगतील याची वाटली.

*

भीती नंतर आली, चुलत सासरे आबाजी आले तेव्हा. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी करा लांबूनच बघितला आणि म्हणाले, "पितरानं तोंड दाखवलं. तहानेला हाय तो. या अखजीले त्याचा करा भरा, अन् सोडवा त्याले."

करा भरायचा म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. करा फक्त मेलेल्याचा भरतात. तो भरला की जाऊबाईंचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. सगळ्यांच्या माना खाली. जाऊबाई तेवढ्या सरळ उभ्या.

"जित्या माणसाचा करा भरला तर काय होते, आबाजी?"

"असं कोणी करत नाही."

"पण केलं तर?"

आत्याबाईच हळूच म्हणाल्या, "तो मरते."

"अन् मेलेल्याचा नाही भरला तर?"

"तर तो तहानेला भटकते, माय."

"मंग म्या काय करू? मारू त्याले, का तहानेला ठेवू?"

आबाजींनी घसा खाकरला आणि अखजीच्या दिवशी ठरवू म्हणून निघून गेले.

त्या दुपारी जाऊबाई माझ्याजवळ येऊन खिडकीत बसल्या. निंबाखाली कोणी नव्हतं.

"शकू, खरं सांगजो. सावली होती का त्याची?"

मी आठवून बघितलं. "बाई, निंबाखाली सगळी सावलीच असते."

"दारापर्यंत येत होता का?"

"नाही. नुसता पाहत होता."

"वाळला व्हता का?"

हा प्रश्न मात्र मला सहन झाला नाही. बाई इतक्या वर्षांनी नवऱ्याची चौकशी करत होती, तीही माझ्यासारख्या शिंगं फुटलेल्या पोरीकडे, कारण त्यांना बघितलेलं एकमेव माणूस मी होते. मी म्हटलं, "नाही, चांगले होते." त्यांनी मान हलवली. मग त्या रोजच खिडकीत बसू लागल्या, पण तो माणूस पुन्हा आला नाही. मला तर वाटायचं, मी त्याला कऱ्यावर उतरवून घेतला म्हणून त्याला तिथं उभं राहायची गरजच उरली नाही. अशा विचारानं घामातसुद्धा अंगावर काटा यायचा.

अखजी उजाडली. भावकी जमली. सासऱ्यांच्या वाडवडलांचे करे, केळ्या देवघरापुढं गव्हावर मांडून झाल्या. तो एक करा बाहेरच होता. आबाजी म्हणाले, "आणा."

जाऊबाईंनी करा आणला. पण देवघरात नेला नाही. अंगणात, पायरीच्या बाजूला मातीवर बसल्या. करा मांडीत पालथा घेतला आणि पोती शिवायच्या दाभणानं त्याच्या बुडाला भोक पाडायला सुरुवात केली. थोडं पाणी टाकायच्या, दाभण फिरवायच्या. कर्र, कर्र. सगळं अंगण ऐकत होतं. मला तो दाभण माझ्याच टाळूत फिरतो आहे असं वाटत होतं. मातीची लाल पूड त्यांच्या लुगड्यावर सांडत होती. भोक पडलं. त्यांनी करा सरळ केला, मातीवर ठेवला आणि तांब्यानं पाणी ओतू लागल्या. ओतत राहिल्या. पाणी आत पडायचं आणि खालून मातीत जायचं. मडक्यातून बारीक घुंकार येत होता, कोणी घोट घेताना येतो तसा.

तांब्या रिकामा झाल्यावर त्या आबाजींकडे बघून म्हणाल्या, "भरला का करा?"

"नाही."

"मंग माह्यं कुकू माह्या कपाळावर राहीन. अन् तो तहानेला असन तर प्याला असन."

एवढी माणसं, एवढा शास्त्रार्थ, आणि दाभणाएवढ्या भोकातून सगळं निघून गेलं.

*

तो करा मग पायरीशेजारीच राहिला. चैत्र-वैशाखात रोज दुपारी जाऊबाई त्यात तांब्याभर पाणी ओतायच्या, पावसाळा आला की उचलून माळ्यावर ठेवायच्या. एक गोष्ट मी कोणाजवळ बोलले नव्हते. अंगणात दुसरीकडे सांडलेलं पाणी बराच वेळ ओल धरून राहायचं. त्या कऱ्याखालची माती बघता बघता कोरडी व्हायची. वैशाखात माती पाणी पितेच. पण इतकी घाईनं?

जाऊबाईंना या भोकाची किंमत द्यावी लागली. काही घरांत त्यांना हळदीकुंकवाला बोलावत, काही घरांत नाही. एखादी बाई ओटी भरताना त्यांच्यापाशी येऊन अडखळायची. त्या हसून म्हणायच्या, "जाय पुढं, माह्यं अजून ठरलं नाही." चुन्याच्या रेघा पाण्यानं झिजत गेल्या. खांदा गेला, दुपट्टा गेला, हातातली वहाण तेवढी बरेच दिवस दिसायची. मग तीही पुसली. मी एकदा म्हटलं, पुन्हा काढून देऊ का? जाऊबाई म्हणाल्या, "नोको. तुह्या हाताची मले धास्ती वाटते." रस्ता रुंद झाला तेव्हा निंबही गेला.

या हिवाळ्यात जाऊबाई गेल्या. कुंकू लावायचं की नाही यावर दारातच कुजबुज सुरू झाली. मी उठले आणि त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू रेखलं. कुजबुज थांबली. माझ्या तोंडाला गाव घाबरतं. म्हातारपणाची एवढी एक सोय आहे.

हे सगळं मुक्ताला मी कधी सांगितलं नव्हतं. परवा तिनं लॅपटॉपवरची ती पांढरी सुरई बंद केली आणि दुसरी घागर दाखवली. खूप उंच, बारीक. नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायची घागर. जे लग्नाआधीच मरायचे त्यांच्या थडग्यावर हीच ठेवायचे. लग्न राहिलं ना त्यांचं, म्हणून. मुक्ता म्हणाली, "आणि गंमत बघ, यातल्या काहींना बूडच नसतं. मुद्दामच तशा घडवलेल्या. काही अभ्यासकांना वाटतं, ओतलेलं थेट जमिनीत जावं म्हणून."

मी तिचा हात धरला. "ऊठ," म्हटलं, "माळ्यावर चढ. तुझ्या अभ्यासाचं एक मडकं घरातच आहे."

*

काल अखजी झाली. जाऊबाईंची पहिली केळी. लेक म्हणाला, देवघरात मांडू. मी म्हटलं, नाही, बाहेर, पायरीशेजारी. तिथं मातीवर आधी तो करा ठेवला, त्याच्या शेजारी त्यांची कोरी केळी. बाराची वेळ. वारा थांबलेला. घरातून आमरसाचा वास येत होता आणि अंगणात मी आणि मुक्ता दोघीच.

केळी भरली. मग कऱ्यात तांब्या उपडा केला. घुंकाराची वाट बघत होते. आला नाही. दुसरा तांब्या ओतला. पाणी वर आलं, गळ्यापर्यंत चढलं आणि काठाशी येऊन थांबलं. मी खाली हात घातला. माती कोरडी ठाक.

मागच्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी ओतलेलं पाणी सरळ खाली गेलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुक्ता गुडघ्यावर बसली. "क्षार असतील, आजी. इथलं पाणी खारं. इतकी वर्षं ओतून भोकात थर बसला, आणि वर्षभर कोरडा राहून तो घट्ट झाला."

"असेल," मी म्हटलं. आमच्या खारपाणपट्ट्यात बादलीच्या बुडाशीही बोटभर पांढरं बसतं, त्यात काय.

करा पाण्यानं भिजायला लागला. आजवर त्यात पाणी कधी थांबलंच नव्हतं, त्यामुळे तो कधी पुरता ओला झाला नव्हता. लाल माती हळूहळू काळवंडत गेली, वर बारीक घाम आला. आणि त्या घामातून पुसट पांढरं काही तरी वर येऊ लागलं. आधी एक रेघ. मग खाली आलेला खांदा. मग दुपट्टा.

"आजी, चित्र आहे!" मुक्ता कुजबुजली. "ओल्या मातीवर चुना उठून दिसतो म्हणून... थांब, फोटो काढते."

"फोटो नको," मी म्हटलं. "आणि तिथून ऊठ. मधात बसली आहेस."

"कोणाच्या मधात?"

तिच्या एका बाजूला करा होता, दुसऱ्या बाजूला जाऊबाईंची भरलेली केळी. ती माझ्याकडे बघत उठली आणि बाजूला झाली. हातातली वहाण दिसते का, हे बघायची मला फार इच्छा होती. खोटं कशाला बोलू, मान अर्धी वळलीही होती. पण मी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि पाठ फिरवली. भासऱ्याकडं बघू नये, एवढं आता मला कळतं.

"चल आत," मी मुक्ताला म्हटलं, "त्यांना पिऊ दे."

आणि पहिल्यांदाच, त्या दुपारी, मला तहान लागली नाही.